शाळा सुटल्यानंतरचं शिक्षण

बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या बियाण्यासोबत १२० ग्रॅमचं आणखी एक छोटं पाकीट मिळायचं, बिगर-बीटी सरकीचं. ते बीटीच्या वावराभोवती काठानं लावायचं, निदान पाच ओळी, असा नियम होता. विदर्भात कपाशी लावणाऱ्या कोणत्याही घरी विचारा, त्या पाकिटाचं काय केलं. कुणी खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरलं, कुणी धुऱ्यावर फेकलं, कुणाच्या कोठीत ते तसंच पडून राहिलं. नियमाप्रमाणे लावलं असं सांगणारा क्वचितच भेटतो.

ते पाकीट कशासाठी होतं? बीटीचं झाड अळीला मारणारं विष स्वतःच तयार करतं. तरीही लाखांत एखादी अळी अशी निघते की तिला ते पचतं. विष पचवणाऱ्या दोन पतंगांची गाठ पडली तर त्यांची पिलावळही तशीच निपजते. पण शेजारी साधी कपाशी असेल तर तिच्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग भरपूर होतात, आणि विष पचवणाऱ्या एखाददुसऱ्या पतंगाची गाठ बहुतेक वेळा या साध्यांशीच पडते. त्यांची पुढची पिढी बीटी खाऊन पुन्हा मरते. काठाच्या त्या पाच ओळी बीटीचं आयुष्य वाढवण्यासाठी होत्या. त्या लागल्या नाहीत. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपल्या भागातली कपाशी पोखरून काढली, त्यामागे लांब मुदतीचे वाण, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उन्हाळ्यापर्यंत रेटलेलं पीक, अशी बरीच कारणं होती. त्यांतलं एक कारण मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात येऊन गेलं होतं, १२० ग्रॅम वजनाचं.

ते फेकून देणाऱ्या लोकांना अडाणी म्हणायला मी तयार नाही. त्यांच्यात बारावी सायन्स झालेले होते, बीएस्सी झालेले होते. आनुवंशिकतेचा धडा त्यांनी पाठ केला होता, वाटाण्याच्या उंच-बुटक्या झाडांचे तक्ते काढून मार्क मिळवले होते. पुस्तकातला तो वाटाणा आणि आपल्या वावरातली अळी एकाच नियमानं चालतात, हे मात्र त्यांना शाळेत कुणी सांगितलं नाही, आणि शाळा सुटल्यावर सांगणारं कुणी उरलं नाही. दुकानदारानं पाकीट दिलं, पिशवीवर नियम छापला, सरकारनं तो नियम केला. ‘का’ एवढंच कुणी सांगितलं नाही. आणि ज्याला ‘का’ कळत नाही तो नियम माणूस पाळत नाही, त्यात त्याचा फार दोष नसतो.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपलं जगणं ज्या गोष्टींवर चालतं त्यांच्या कारणापर्यंत पोचता येणं, आणि मग निर्णय दुसऱ्याच्या भरवशावर न टाकता स्वतः घेता येणं, यासाठी शिक्षण असतं. हे मान्य केलं की दुसरी गोष्ट आपोआप मान्य करावी लागते. बोंडअळी माणसाच्या पंधराव्या वर्षी येत नाही. ती चाळिसाव्या वर्षी येते, जमीन नावावर झाल्यावर, कर्ज डोक्यावर असताना, पोरगी लग्नाला आल्यावर. तेव्हा शाळा संपून पंचवीस वर्षं झालेली असतात. वय वर्षं सहा ते चौदा या आठ वर्षांत कायद्यानं शिक्षणाचा हक्क मिळतो आणि तिथंच संपतो. खेड्यातल्या माणसाला शिकायची खरी गरज पडते ती त्यानंतरच्या पन्नास वर्षांत, आणि त्या पन्नास वर्षांसाठी आपल्याकडे जवळजवळ काहीही नाही.

आता गावात शिक्षणाचा अर्थ काय उरला आहे तेही पाहू. तालुक्याच्या गावी, आणि आता मोठ्या खेड्यांतही, अभ्यासिका झाल्या आहेत. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत पोरं-पोरी टेबलाच्या फळीत मान खुपसून बसलेली असतात. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक, राज्यसेवा. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. त्याआधीची पिढी डीएडच्या मागे धावली. गावोगाव डीएड कॉलेजं निघाली, आणि भरती थांबली तशी ती ओस पडली. डीएड होऊन आज कापूस वेचायला जाणाऱ्या बायका प्रत्येक तालुक्यात आहेत.

या धडपडीला मी नावं ठेवणार नाही. कोरडवाहू पाच एकरात घर चालत नाही, हे त्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. शेती करणाऱ्या मुलाला कुणी मुलगी देत नाही, हेही त्यांना कळतं. सोयरीक जुळवायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, “नोकरी हाय का?” शेतकरी बापही आपल्या मुलीसाठी हाच प्रश्न विचारतो. ज्यांच्याकडे पाच एकरसुद्धा नाहीत, त्यांच्या बाबतीत तर गाव सोडता येणं हेच शिक्षणानं दिलेलं सगळ्यात मोठं दान आहे. बाबासाहेबांच्या हाकेनंतर विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांमधून शिकून बाहेर पडलेल्या पिढीनं जे मिळवलं, ते गावात राहून मिळालं नसतं. गावानं त्यांना काय दिलं होतं? वेगळी विहीर आणि पिढीजात कामं. “खेड्यातल्या मुलांना खेड्यापुरतंच शिकवा” असं जो कुणी म्हणेल, त्याला या वस्तीतली आई दारातून परत पाठवील, आणि तिचं बरोबरच असेल.

नेमकं हेच एकदा घडून गेलं आहे, आणि ते आपल्याच मातीत घडलं आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हातोद्योगाच्या भोवती सगळे विषय गुंफायचे, अशी मांडणी झाली. झाकीर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला, सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी तो प्रत्यक्ष उतरवला. नई तालीम असं त्याला नाव पडलं. विचार खोल होता. सूत कातताना गणित यावं, कापसाचा इतिहास यावा, तो लँकेशायरला का जातो आणि कापड होऊन परत का येतो हेही यावं.

तरी ते टिकलं नाही, आणि त्याचा दोष पालकांच्या अज्ञानावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं. नई तालीमच्या या बुनियादी शाळेत गरिबाचं पोर जात होतं, आणि कलेक्टरचं, वकिलाचं, व्यापाऱ्याचं पोर इंग्रजी शाळेत जात होतं. नोकरीच्या परीक्षा त्या दुसऱ्या शाळेला धरून होत्या. अशा वेळी चरखा ही गरिबाला गरिबीतच बांधून ठेवणारी गोष्ट वाटली तर त्यात चूक काय? एकाच गावात दोन प्रतीची शिक्षणं असली की दुय्यम प्रतीचं कितीही थोर असो, ते मरतंच. पुढे कोठारी आयोगानं १९६६ मध्ये ‘कार्यानुभव’ सुचवला. हाताच्या कामाला शिक्षणात जागा मिळावी हाच त्यामागचा हेतू होता. आपल्या शाळांत त्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे: कागदाची फुलं, आइसक्रीमच्या काड्यांचं घर, आणि प्रगतिपुस्तकात शेवटून दुसऱ्या ओळीत एक श्रेणी.

नई तालीमचा एक भाग मात्र आपण पुरता विसरलो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त कामाचा होता. १९४४ ला तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी या कल्पनेचा पैस वाढवला. सात ते चौदा वयाची शाळा त्यांना अपुरी वाटू लागली. आईच्या पोटात मूल असल्यापासून ते माणूस मरेपर्यंत, असा तिचा विस्तार १९४५ ला सेवाग्रामच्या संमेलनात मांडला गेला. पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी, आणि प्रौढशिक्षण. आम्ही मुलांच्या शाळेवर वाद घालत बसलो, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची, बाळंतिणीची, चाळिशीतल्या शेतकऱ्याची शाळा कागदावरच राहिली.

ती चालू शकते का? चालते, आणि विदर्भातच चालली आहे.

गाडगेबाबांचं उदाहरण आपण फार वेळा झाडूपुरतं देतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ ला परिटाच्या घरी जन्मलेला, शाळेत न गेलेला हा माणूस रात्र रात्र हजारो लोकांना बसवून ठेवायचा ते प्रश्न विचारून. त्यांच्या कीर्तनात निरूपण कमी आणि विचारणं जास्त होतं. देवाला नवस केला, बकरं कापलं, कर्ज काढून तेरवी घातली. मग काय झालं, सांगा. समोरच्या शेतकऱ्याला उत्तर द्यावं लागायचं, आणि उत्तर देताना त्याला स्वतःचाच हिशेब दिसायचा. पोरांना शिकवा, हे सांगणारे ते बाबा आपल्याला पाठ आहेत. त्या मांडवात बसलेल्या बापालाही ते त्याच वेळी शिकवत होते, हे आपण लक्षात घेत नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरीही याच जातीची. ग्रामगीतेत त्यांनी जीवनशिक्षणाला एक आख्खा अध्याय दिला, आणि तो गावाच्या स्वच्छतेच्या, आरोग्याच्या, श्रमाच्या अध्यायांच्या रांगेत ठेवला.

पण कीर्तन आणि भजन यांवर थांबलं तर वाचक म्हणेल, हा झाला जुना काळ. म्हणून गडचिरोलीकडे वळतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न होता बालमृत्यूंचा. न्यूमोनिया झालेलं बाळ जोरजोरात श्वास घेतं. मिनिटाला किती श्वास, हे मोजलं तर आजार ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त असतील तर धोका. आता गावातली सुईण साठपर्यंत मोजू शकत नव्हती. कित्येक सुइणींना बाराच्या पुढे आकडे येत नव्हते. आपल्या नेहमीच्या रीतीनं यावर एकच उत्तर निघालं असतं: आधी हिला साक्षर करा, मग पाहू. तोवर बाळं मेली असती. त्यांनी एक साधं यंत्र बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक लहान बाळासाठी, एक मोठ्यासाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया. दहापर्यंत तर सुईण मोजतच होती. तिनं ते अचूक केलं.

पुढचं काम त्याहून मोठं होतं. ३९ गावांतल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवलं गेलं. त्या पाचवी ते दहावी शिकलेल्या होत्या. बाळाचं वजन घेणं, त्याला ऊब देणं, श्वास अडला तर तोंडावर मास्क धरून हवा देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि वेळ पडली तर इंजेक्शन देणं हे सगळं त्या शिकल्या. नवजात बाळांचे मृत्यू तिथे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला, आणि आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात त्याचं मूळ या गावांत आहे.

या बायकांच्या शिक्षणाला कोणती पदवी म्हणणार? शाळेनं त्यांना नापास किंवा ‘मध्येच सोडलेली’ असं लिहून बाहेर काढलं होतं. तिशीत-चाळिशीत, घरचं करून, लेकरं सांभाळून त्या शिकल्या, कारण शिकवणाऱ्यानं दोन गोष्टी केल्या. शिकायचं ते त्यांच्या दारातलं होतं, शेजारणीचं बाळ. आणि त्यांना जे येत होतं तिथून सुरुवात केली, जे येत नव्हतं त्याची यादी हातात देऊन नाही.

याच जिल्ह्यातलं धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा सगळ्यांना माहीत आहे. त्या घोषणेमागे एक अभ्यासगट आहे, हे कमी लोकांना माहीत आहे. गावातले लोक एकत्र बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, कायदा वाचतात, जंगलाचा अभ्यास करतात, मध काढताना माशी मारावी लागते का याचाही. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांनी ही रीत रुजवली. तिच्यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते: अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सगळ्यांच्या सहमतीनं. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं असतं, त्यामुळे तिथे कुणाला जिंकायचं नसतं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू विकायचा अधिकारही त्यांनी मिळवला. कायदा तोच होता, तो शेकडो गावांना लागू होता. मेंढ्यानं तो आधी वाचला होता, समजून घेतला होता, आणि कोणत्या साहेबाकडे कोणता कागद मागायचा हे त्यांना ठाऊक होतं.

आता याच्या उलट बाजू. त्याच २०१७ च्या फवारणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, काहींच्या डोळ्यांना इजा झाली. कपाशी त्या वर्षी डोक्यापेक्षा उंच गेली होती, उकाडा होता, फवारा अंगावर येत होता, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. दोष कुणाचा यावर खूप बोललं गेलं. विकणाऱ्याचा होताच, नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेचाही होता. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलतो. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग सांगतो की औषध किती जहाल आहे: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे वाचायला अक्षरओळख लागत नाही. तरीही आमच्या भागात पदवीधर माणसालासुद्धा त्या रंगांचा अर्थ विचारला तर तो कंपनीची खूण असेल असं सांगतो. आत घडी घालून ठेवलेला माहितीचा कागद असतो, अनेक भाषांतला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तो वावरातच उडून जातो. आणि ज्याच्या पाठीवर पंप असतो त्या मजुराच्या हाती तर डबाही येत नाही, मालकानं बादलीत कालवून ठेवलेलं पाणी येतं. आपण काय मारतोय, हे विचारायचं त्याला सुचत नाही, आणि सुचलं तरी विचारायची सोय नसते. शिक्षणात मी ही सोयसुद्धा धरतो. मजुराला “कोणतं औषध हाय, मालक, डबा दाखवा” असं म्हणता येणं हे साक्षरतेच्या दाखल्याहून मोठं आहे.

पैशाचंही तसंच. गावात गटानं कर्ज देणाऱ्या कंपन्या येतात. समजा एखाद्या बाईनं तीस हजार घेतले, वर्षाला बारा टक्के, सरसकट दरानं. व्याज ३,६००, मिळून ३३,६००, महिन्याला २,८०० चा हप्ता. कागदावर बारा टक्के छान दिसतात. पण मुद्दल ती दर महिन्याला फेडत असते. वर्षभरात तिच्याकडे सरासरी सव्वासोळा हजारच राहिले, आणि व्याज तिनं पूर्ण तीस हजारांवर भरलं. खरा दर पडला बावीस टक्क्यांच्या आसपास. यात लागतं ते फक्त बेरीज-भागाकार, चौथीचं गणित. आपली शाळा आठवीत चक्रवाढ व्याजाचं सूत्र शिकवते. त्या सूत्रातला माणूस बँकेत पैसे ठेवणारा असतो. हप्ता भरणारी बाई पुस्तकात नसते. तिला हे गणित बचत गटाच्या बैठकीत पाऊण तासात समजतं, हे मी पाहिलं आहे. समजल्यावर पुढच्या वेळी कर्ज देणाऱ्याला ती पहिला प्रश्न दराचा विचारते, हेही.

शेतीशाळा नावाचा एक चांगला प्रकार कृषी खात्याकडे आहे. वर्ग वावरातच भरतो, पेरणीपासून वेचणीपर्यंत ठरावीक दिवसांनी. आमच्याकडच्या एका शेतीशाळेत कृषी सहायकानं बायांना हिरवी बोंडं तोडायला सांगितली, एकरात वीस, कुठूनही. बाहेरून सगळी धडधाकट, एकावरही भोक नाही. मग विळ्यानं चिरली. काहींत गुलाबी अळी बसलेली. एक काकू चिरलेलं बोंड डोळ्यांजवळ नेऊन फिरवत राहिल्या.

“भोक तं नाही ना भाऊ, मंग हे आत गेली कुठून?”

त्यानं सांगितलं, अळी अगदी बारीक असताना कोवळ्या बोंडात शिरते आणि मागचं छिद्र भरून येतं. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे आपुन बाहेरून पाहून फवारत होतो ते पाण्यातच गेलं.” तिथून गोष्ट डोमकळीवर गेली, म्हणजे अळी लागलेलं फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून कसं राहतं. मग कामगंध सापळ्यांवर, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांवर. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग पडले तर फवारायचं, नाहीतर थांबायचं. काकूंनी पतंग मोजायचं काम नातवाला दिलं. तो सहावीत आहे, आणि शाळेत त्याला गणित आवडत नाही म्हणून घरी तक्रार येते. सापळ्याचे आकडे मात्र तो वहीत तारीखवार लिहितो. वेचणीच्या दिवसांत काकू बाकीच्या बायांना बोंड चिरून दाखवत होत्या. कृषी सहायकापेक्षा त्यांचं ऐकलं जात होतं.

अशा शेतीशाळा सगळीकडे अशा होत नाहीत, हे मला माहीत आहे. पुष्कळ ठिकाणी फोटो, सही, चहा-बिस्किट आणि घरी. पण योजना वाईट राबवली जाते म्हणून कल्पना वाईट ठरत नाही. आणि तिची सगळ्यात मोठी उणीव अशी की ती पिकापुरती, प्रकल्पापुरती असते. प्रकल्प संपला की वर्ग संपला. प्रौढशिक्षणाचंही असंच होत आलं. ‘साक्षर भारत’ योजनेत काही जिल्ह्यांत गावोगाव लोकशिक्षण केंद्रं होती, प्रेरक होते. २०१८ मध्ये योजना थांबली आणि त्या केंद्रांच्या कपाटांना कुलूप लागलं. आता ‘उल्लास’ ही साक्षरतेची योजना आहे. कागदावर त्यात जीवनकौशल्यं आहेत, निरंतर शिक्षण आहे. गावात त्याची ओळख एका परीक्षेपुरती आहे. म्हातारी नाव लिहायला शिकते, पेपर देते, प्रमाणपत्र मिळतं, पुन्हा कुणी तिच्याकडे फिरकत नाही. सही करता येणं ही छोटी गोष्ट नाही. अंगठ्याच्या शाईची लाज ज्यानं सोसली त्याला विचारा. पण ज्या कागदावर सही करते तो तिला कळावा, इथपर्यंत तरी आपण तिच्यासोबत चालायला हवं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, गावातल्या लोकांना वेळ नाही आणि शिकायची हौस नाही. हौस नसती तर मोबाईलवर रात्री बारापर्यंत शेतीचे व्हिडिओ कोण पाहतं? हवामानाचा अंदाज सांगणाऱ्यांच्या मागे एवढी गावं का लागतात? लोक शिकायला आसुसलेले आहेत, आणि ती भूक आज कुणीही, वाटेल ते सांगून भागवतो. समोर बसून “हे खरं कशावरून?” असं विचारायची जागा त्यांना मोबाईलमध्ये मिळत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आधी मुलांच्या शाळा नीट करा, त्या धड चालत नाहीत आणि तुम्ही मोठ्यांच्या शाळा मागता. मला हे दोन्ही वेगळे प्रश्न वाटत नाहीत. ज्या गावात मोठी माणसं काही शिकताना दिसत नाहीत, त्या गावातल्या मुलाला शिक्षण म्हणजे परीक्षेपर्यंत सोसायची आणि मग सोडून द्यायची गोष्ट वाटते. घरी आजी पतंग मोजत असेल तर नातवाला गणिताचं कारण सापडतं. आणि यात कुणाचा गाव सोडायचा रस्ता अडत नाही. ज्या पोरीला तलाठी व्हायचं ती होऊ दे, कलेक्टर होऊ दे, पुण्याला जाऊ दे. दहा लाख अर्जांतल्या ज्या साडेनऊ लाखांहून जास्त पोरांना ती खुर्ची मिळणार नाही, त्यांच्यासाठी परत यायला एखादी शिकती जागा गावात असावी. आज ती परत येतात तेव्हा हरून येतात, आणि त्यांच्या हातातली पदवी गावाच्या एकाही प्रश्नाला लागू पडत नाही, असं सगळं गाव धरून चालतं. तीच मुलं संध्याकाळचा वर्ग उत्तम चालवू शकतील. कायदा वाचायची, टिपण काढायची सवय त्यांना अभ्यासिकेनं लावलेलीच आहे.

आणि यासाठी नवीन इमारत लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रौढशिक्षण आणि आयुष्यभर चालणारं शिक्षण यावर वेगळं प्रकरण आहे. शाळेची वेळ संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळेच्या इमारती आणि सार्वजनिक वाचनालयं या कामासाठी वापरावीत, असं त्यात म्हटलेलं आहे. आपण मात्र उलट्या दिशेनं निघालो आहोत. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव राज्यानं मागवले. विदर्भातल्या दुर्गम तालुक्यांत अशा शाळा पुष्कळ आहेत. पट मोजताना फक्त सहा ते चौदा वयाची मुलं मोजली जातात. त्या गावातली शिकायची गरज असलेली सगळी माणसं मोजली, तर एकाही शाळेचा पट वीसच्या खाली जाणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती जिल्हा परिषदेकडे, कृषी खात्याकडे, आरोग्य खात्याकडे एकत्रच करायची आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी गावची शाळा मोठ्यांसाठी उघडी राहावी. शिक्षकांवर हे ओझं टाकू नये. त्यांना जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन माहिती भरण्यातूनच उसंत नाही. गावातल्या शिकलेल्या दोन मुला-मुलींना त्यासाठी मानधन द्यावं. विषय गावानं ठरवावेत: या महिन्यात पीकविम्याचा अर्ज आणि पंचनामा, पुढच्या महिन्यात सातबारा आणि वारसनोंद, पावसाळ्याआधी फवारणी, थंडीत बाळाची काळजी. कृषी सहायक, आशाताई, बँकेचा माणूस, तलाठी यांनी महिन्यातून एकदा त्या वर्गात बसून प्रश्नांची उत्तरं देणं हा त्यांच्या कामाचाच भाग धरावा, आणि तिथे काय विचारलं गेलं याची वही ग्रामपंचायतीत राहावी. बायांना जमेल ती वेळ आधी विचारावी, मग बाकीच्यांची. संध्याकाळी सात ही पुरुषांची वेळ आहे, चुलीपुढे बसलेल्या बाईची नाही. आणि मजुरांच्या वस्तीत वेगळा वर्ग भरवू नये, सगळ्यांनी एकाच फरशीवर बसावं.

यातल्या मानधनासाठी आणि खात्यांच्या हुकमासाठी वरची मंजुरी लागेल, त्याला वेळ लागेल, भांडावं लागेल. शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून संध्याकाळी शाळेची एक खोली उघडायची, हा विषय मात्र येत्या ग्रामसभेतच ठेवता येतो. पहिल्या वर्गाला विषय म्हणून फवारणीच्या औषधाचा एक रिकामा डबा, स्वच्छ धुतलेला, आणि त्याच्यावरचा तो रंगीत चौकोन पुरे.